कौले उतरवली, गरमी चढली

गावच्या जांभ्याच्या घरावरची कौले काढून आम्ही स्लॅब टाकला, तेव्हा अम्मी एवढेच म्हणाली, "पावसाचं मिटलं, उन्हाचं काय?" उत्तर पहिल्याच मे महिन्यात मिळाले. इशाची नमाज झाली तरी गच्चीवर पाय भाजत. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. काँक्रीट मात्र दिवसभर ऊन साठवते आणि रात्री ते घरात सोडते.

एसीची चौकशी झाली. बिलाच्या धास्तीने आधी गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढला. रात्री फरक जाणवला. (पावसाळ्यात चुना धुपतो, दरवर्षी पुन्हा लावायचा!)

मग पंखे. जुना सुमारे 75 वॅटचा, नवा बीएलडीसी 30 च्या आसपास. रोज बारा तास धरले, तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात. आमचे चार आहेत.

सौरऊर्जेला 'पीएम सूर्यघर' योजनेत 3 किलोवॅटसाठी 78,000 रुपये अनुदान आहे, पण आमच्या गच्चीवर दुपारनंतर माडांची सावली येते. माड तोडायचे नाहीत, असे ठरले.

अम्मी दुपारी अजून मागच्या पडवीतच पडते. तिथली कौले काढायची राहून गेली होती.