सायरन वाजवत जाणारं फुप्फुस

मानखुर्दला राहणाऱ्यांना सायन-पनवेल रस्त्यावरचे सायरन ऐकूही येईनासे झालेत, इतकी सवय झाली आहे. पण त्या गाडीत श्वसनाचा गंभीर पेशंट असेल, तर आत एक गणित चालू असतं. तेही फर्स्ट इयरचं नव्हे, चौथीचं!

छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर लागत असेल तर अडीच तास पुरेल. पण फुप्फुसं फारच बिघडली आणि ६० लिटर लागू लागला, तर फक्त २५ मिनिटं. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गोवंडीहून सायनला पोचेपर्यंत तेवढी सहज जातात. म्हणून गाडीत ७००० लिटरचा डी टाइप हवा, आणि निघण्याआधी कुणीतरी हा भागाकार करायला हवा. राज्यात २०१४ साली '१०८' सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्यांपैकी २३३ व्हेंटिलेटरसकट सुसज्ज अशा होत्या.

मात्र व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, एवढंच. फुप्फुसात पाणी भरलं असेल तर ऑक्सिजन रक्तापर्यंत पोचतच नाही. मग सिलिंडर कितीही मोठा असो! अशा वेळी शेवटचा उपाय म्हणजे एक्मो. मांडीतल्या शिरेतून जाड नळीने काळपट रक्त बाहेर काढायचं, सेंट्रिफ्युगल पंपाने (हो, लॅबमधल्या पंपाचाच भाऊ) पोकळ धाग्यांच्या जुडग्यावरून फिरवायचं. धाग्यांच्या आतून ऑक्सिजन वाहतो, तो रक्तात उतरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि लालभडक रक्त मानेच्या शिरेतून परत. मिनिटाला चार-पाच लिटर, म्हणजे जवळजवळ अंगातलं सगळं! याने फुप्फुस बरं होत नाही, त्याला फक्त सुट्टी मिळते.

ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. एक्मोच्या गटातल्या ९० जणांना लेस्टरच्या ग्लेनफिल्ड हॉस्पिटलात न्यायचं होतं. तिघे निघण्याआधीच गेले, दोघे वाटेत. यंत्र लेस्टरला आणि पेशंट रस्त्यावर!

मोबाइल एक्मोत हाच क्रम उलटा करतात. टीमच यंत्र घेऊन पेशंटकडे जाते, तिथेच नळ्या घालते आणि मग त्याला घेऊन निघते. यासाठीचं एक यंत्र जेमतेम दहा किलोचं आहे, बॅटरीवर चालतं. वाटेत नळी निसटू नये म्हणून एका माणसाची नजर सतत तिच्यावर. आणि वीज, बॅटरी सगळंच बंद पडलं तर पंप हाताने फिरवायला हँडल असतं. खड्ड्यांतून जाताना ते कोणी फिरवायचं, हे गाडी सुरू होण्याआधीच ठरवून ठेवावं लागतं.