साधन कोणतं आणि कर्ता कोण?

आजच्या विषयाची सूचना फळ्यावर लागली तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला टूलकिटशी काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. संस्थेतल्या लोकांचा सहभाग वाढावा, त्यांनी नवं काही सुचवावं, करून बघावं, यासाठी जे साधनसंच तयार होतात, ते म्हणजे मार्गदर्शिका, कार्डं, तक्ते, चेकलिस्ट, कार्यशाळेचे आराखडे. ते बनवणं व्यवस्थापनवाल्यांचं काम. पण असा संच बनवताना माणसाविषयी काहीतरी गृहीत धरलेलं असतं, आणि गृहीतकं उचकटून बघणं हा आमचा जुना धंदा आहे.

सुरुवात व्याकरणापासून करतो. पाणिनीने कर्ता आणि करण असा भेद केला आहे. क्रिया घडायला जे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते करण, म्हणजे साधन. आणि कर्ता कोण? तर जो त्या क्रियेत स्वतंत्र आहे तो. कर्त्याची ओळख म्हणून हे एकच विशेषण त्याला पुरलं. आता आपल्या मराठीची गंमत बघा. 'रामाने कुऱ्हाडीने लाकूड तोडलं.' रामाला 'ने' आणि कुऱ्हाडीलाही 'ने'. प्रत्यय तोच, पण लाकूड तोडायचं की नाही हे कुऱ्हाड ठरवत नाही. संस्थांचे अहवाल वाचा, तिथे सर्रास लिहिलेलं असतं, 'या टूलकिटने सहभाग वाढवला.' वाक्यातून राम गायब, कुऱ्हाड तेवढी शिल्लक. माझा आजचा सगळा मुद्दा या गायब झालेल्या रामाविषयी आहे.

उदाहरण एकच घेतो, पण नीट घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक चेकलिस्ट काढली. एक पान, १९ बाबी, तीन थांबे. पहिला भूल देण्यापूर्वी, दुसरा कातडीवर सुरी चालवण्यापूर्वी, तिसरा रुग्णाला ऑपरेशन थिएटरबाहेर नेण्यापूर्वी. रुग्ण तोच आहे ना, जागा तीच ना, अँटिबायोटिक वेळेवर दिलंय ना, स्पंज आणि सुया मोजल्या ना. हे काम डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली झालं. त्यांचे वडील मूळचे विदर्भातले, हे जाता जाता. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. त्यात दिल्ली होती, लंडन-सिएटल होतं, तसं टांझानियातलं इफाकाराही होतं. जानेवारी २००९मध्ये निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर. एका कागदाने! म्हणजे बघा, मीही 'कागदाने' म्हणालोच.

पुढे कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांताने ही चेकलिस्ट सगळीकडे लागू केली आणि तिचं पालन किती होतं ते जाहीर करण्याची सक्ती केली. २०१४मध्ये १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पालनाचं प्रमाण रुग्णालयांनी स्वतः कळवल्याप्रमाणे जवळपास शंभर टक्के. आणि मृत्यू? ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबात दखल घेण्याजोगा फरक नाही.

यावर बराच वाद झाला. तुलनेसाठी आधीचे तीन आणि नंतरचे तीन महिनेच घेतले होते, तो काळ अपुरा होता, असं काहींचं म्हणणं. ओंटॅरिओत मृत्यूंचं प्रमाण मुळातच कमी होतं, त्यामुळे आणखी घसरायला वाव कमी, हेही खरं. तरी एक गोष्ट उरतेच. कागद तोच, खुणा सगळ्या चौकटीत, आणि परिणाम वेगळा. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात उलट पद्धत वापरली. सक्ती नाही, ज्यांना यायचं त्यांनी यावं, पण आलात तर लोकांना तयार करण्यापासूनचा सगळा कार्यक्रम पुरा करायचा. १४ रुग्णालयांनी तो पुरा केला आणि राज्यातल्या इतर रुग्णालयांच्या तुलनेत त्यांच्याकडचे मृत्यू लक्षात येण्याइतके घटले. ही रुग्णालयं मुळातच उत्साही होती, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा. पण मग उत्साह कुठे होता, कागदात की माणसांत?

आता त्या १९ बाबींतली एक बाब बघू, मला ती सगळ्यात अर्थपूर्ण वाटते. दुसऱ्या थांब्याला खोलीतल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम सांगायचं. सर्जनने, भूलतज्ज्ञाने, सिस्टरने, सगळ्यांनी. वरवर पाहता याचा आणि रक्तस्रावाचा काय संबंध? संबंध असा, की एकदा स्वतःच्या तोंडून नाव उच्चारलेला माणूस पुढे गडबड दिसली तर बोलण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे मोठ्या सर्जनसमोर नवी सिस्टर 'सर, एक मिनिट' म्हणू शकते का, याचा विचार करा. ती गप्प बसते ती अज्ञानाने नव्हे. तिला दिसलेलं असतं, पण बोलायला जागा नसते. आणि हीच बाब सगळ्यात सहज टाळली जाते. 'आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो' म्हणायचं आणि खूण करायची. कागदावर पालन झालं. साधन वापरलं गेलं, कर्ता मात्र जन्मालाच आला नाही.

याहून सुंदर गोष्ट गावंडे यांच्या पुस्तकात आहे. ओहायोतल्या कोलंबस इथल्या लहान मुलांच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचे प्रशासक स्वतः हृदयशल्यविशारद होते आणि वैमानिकही. त्यांनी सुमारे सहा इंच लांबीचा, तंबूच्या आकाराचा पत्रा करून घेतला. उड्डाणाला परवानगी मिळाली, अशा अर्थाचे शब्द त्यावर लिहिलेले. सिस्टरने अवजारं मांडताना तो पत्रा सुरीवर ठेवायचा, आणि तपासणीच्या बाबी पुऱ्या झाल्याशिवाय उचलायचा नाही. एवढंच. सर्जनला सुरी हवी तर सिस्टरने पत्रा उचलेपर्यंत थांबावं लागतं. तिला भाषण करावं लागत नाही, धिटाई दाखवावी लागत नाही, तिच्या वतीने पत्राच बोलतो. तीन महिन्यांत अपेंडिक्सच्या ८९ टक्के मुलांना योग्य अँटिबायोटिक योग्य वेळी मिळू लागलं. एक पत्र्याचा तुकडा, आणि काही सेकंदांपुरती ती बाई पाणिनीच्या अर्थाने स्वतंत्र झाली. टूलकिट बनवणाऱ्यांनी हा पत्रा टेबलावर ठेवावा, असं मला फार वाटतं.

हे रुग्णालयाचं झालं. तिथे चूक टाळायची असते. नवीन काही काढायचं असेल तर वेगळं काही लागतं का? अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीत मार्क रँडल यांनी 'किकबॉक्स' नावाचा लाल डबा काढला. ज्याला एखादी कल्पना करून बघायची असे त्या कर्मचाऱ्याला तो मिळायचा. आत सहा टप्प्यांची सूचनाकार्डं, वही, पेन, चॉकलेट, कॉफीचं भेटकार्ड, आणि एक हजार डॉलरचं आधीच पैसे भरलेलं कार्ड. ते पैसे खर्च करायला साहेबाची मंजुरी लागत नसे, नंतर हिशेबाचं बिलही द्यावं लागत नसे. साहेबांकडे जायचं ते शेवटच्या टप्प्यात, आणि तेही लोकांवर कल्पना तपासून पुरावा हातात आल्यावर.

२०१५मध्ये कंपनीने हा सगळा मजकूर जगाला फुकट खुला केला. कोणीही घ्यावा, छापावा. पण मजकुरासोबत ते हजार डॉलर थोडेच येतात! आणि मला विचाराल तर रकमेपेक्षा 'मंजुरी लागत नाही' हे महत्त्वाचं. ते ज्याचं त्याच्या संस्थेने द्यायचं असतं. ते न देता नुसती कार्डं वाटली तर चॉकलेट तेवढं खाल्लं जाईल. मी नोकरी केली त्यातल्या एका महाविद्यालयात सूचनापेटी होती, सागवानी, पितळी कुलूप लावलेली. किल्ली नेमकी त्यांच्याच कपाटात असायची ज्यांच्याविषयी सूचना असत. वर्षातून दोनदा ती पेटी पॉलिश मात्र व्हायची.

मग सूचना आणखी तपशीलवार लिहाव्यात का? इथे कांटची आठवण येते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नियम शिकवता येतो, पण हा प्रसंग त्या नियमात बसतो की नाही हे ओळखायला आणखी एक नियम दिला, तर तो लावायला तिसरा लागेल. कुठेतरी माणसाने स्वतः निवाडा करायचाच असतो. निवाडा सरावाने येतो, वाचून येत नाही. म्हणून सत्तर पानांची मार्गदर्शिका दिसली की मला शंका येते, की लिहिणाऱ्याचा वापरणाऱ्यावर विश्वास नाही. त्या शस्त्रक्रियेच्या कागदावर तळाशी छापलेलं आहे, की ही यादी परिपूर्ण नाही, आपल्या ठिकाणाप्रमाणे भर घालावी, बदल करावेत. साधनसंचात अशी मोकळी जागा मुद्दाम सोडावी लागते. आपण ज्यांच्यासाठी संच करतो त्यांना पहिल्याच बैठकीत त्यातली निदान एक गोष्ट खोडू द्यावी. काय खोडलं यावरून त्या संस्थेविषयी बरंच कळतं.

आता चिठ्ठ्या घेतो. एका पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईंनी विचारलंय, 'वरचे लोक अधिकार द्यायला तयारच नाहीत. मग आम्ही टूलकिट करूच नये का?' करा, पण छोटं करा. कोलंबसच्या सिस्टरला रुग्णालय चालवायला दिलं नव्हतं, पत्रा उचलायला दिला होता. तुमच्याकडे काउंटरवरच्या माणसाला एखादा अर्ज स्वतःच्या सहीने थांबवता येईल का? महिन्याच्या बैठकीत अध्यक्ष सगळ्यात शेवटी बोलतील, एवढं मान्य होईल का? सूचनेला किती दिवसांत आणि कोणी उत्तर द्यायचं, हे नावासह लिहून भिंतीवर लावता येईल का? यातलं एक जरी मिळालं तरी त्याभोवती संच बांधता येतो. यातलं काहीच मिळणार नसेल, तर छपाईचा खर्च वाचवा.

दुसरी चिठ्ठी, 'सहभाग मोजायचा कसा?' किती फॉर्म भरले ते मोजू नका, ओंटॅरिओने तेच मोजलं होतं. वर्षभरात कनिष्ठांच्या सांगण्यावरून वरिष्ठांनी किती निर्णय बदलले, ते मोजून बघा. आकडा लहानच येईल, पण खरा असेल.

तिसऱ्या चिठ्ठीतलं अक्षर मला लागत नाहीये. ज्यांची असेल त्यांनी चहाच्या वेळी भेटा.