वाफ कोणी पाहिली आहे?

चहाचे आधण उकळू लागले की किटलीच्या तोटीकडे नीट पाहा. तोटीच्या तोंडाशी बोटभर अंतरात काहीच दिसत नाही. पांढरे लोट त्यापुढे सुरू होतात. आपण त्या लोटांना वाफ म्हणतो. खरी वाफ मात्र त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत आहे! वाफ हा हवेसारखाच अदृश्य वायू. पांढरे दिसतात ते वाफ थंडावून बनलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. (त्या रिकाम्या जागेत बोट घालू नका, कारण पुढे येईलच.)

आता सांगा, पाणी किती अंशांना उकळते? तुम्ही चटकन १०० म्हणाल. परीक्षेत गुण मिळतील, पण आमच्या नाशिकच्या स्वयंपाकघरात उत्तर चुकेल. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. येथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसलाच उकळते. उलट कुकरमध्ये दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि तेच पाणी १२० अंशांपर्यंत तापते. उकळत्या पाण्याच्या सान्निध्यातील अशा वाफेला संपृक्त वाफ म्हणतात. तिचा दाब सांगितला की तापमान आपोआप ठरते.

पण तेवढ्याने वर्णन पुरे होत नाही. वाफेत पाण्याचे थेंब मिसळलेले असतील तर ती ओली वाफ. १ किलो मिश्रणात ९०० ग्रॅम वाफ आणि १०० ग्रॅम थेंब असतील, तर तिचा कोरडेपणा ०.९. तापमापक हा फरक दाखवीत नाही! उष्णतेत मात्र फरक मोठा पडतो. १ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता तिच्यात दडते. ही अप्रकट उष्णता. उकळत्या पाण्याचा १ ग्रॅम थेंब हातावर पडून अंगाच्या तापमानापर्यंत निवला तर सुमारे ६० कॅलरी देतो; तेवढीच वाफ आधी पाणी होताना ५४० आणि मग ६०, म्हणजे दसपट देते. कुकरचे झाकण घाईने उघडणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

नाशिकरोडजवळ एकलहरे येथे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथील २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. अशा संचाच्या टर्बाइनला वातावरणाच्या सुमारे १५० पट दाबाची वाफ लागते. त्या दाबाला पाणी ३४२ अंशांच्या आसपास उकळते. ती वाफ पाण्यापासून वेगळी करून आणखी तापवतात, ५३५ अंशांच्या पुढे. ही अतितप्त वाफ. हिच्यासाठी दाब आणि तापमान दोन्ही सांगावे लागतात. एवढा खटाटोप का? टर्बाइनमध्ये वाफ प्रसरण पावते व थंड होते. ती मुळात संपृक्त असेल तर लगेच ओली होईल आणि वेगाने आदळणारे थेंब पात्यांची झीज करतील.

अशा नळीला बारीक भेग पडली तर कर्कश फूत्कार ऐकू येतो, पण भेगेजवळ काहीच दिसत नाही. जाणता कामगार अशी भेग हाताने चाचपत नाही.

दाब वाढवीत गेले की अप्रकट उष्णता घटते. १५० पट दाबाला ती साधारण २४० कॅलरी उरते. सुमारे २१८ पट दाब आणि ३७४ अंश तापमानाला ती शून्य होते! तेथे पाणी कोठे संपले आणि वाफ कोठे सुरू झाली हे सांगता येत नाही, आणि ‘उकळणे’ या शब्दालाच अर्थ उरत नाही.