सात्या : आजीचे ज्ञान आणि त्याची कसोटी

मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली, आभाळ गडगडले आणि मग दोन दिवस उकाडा झाला, की आमच्या झाडीपट्टीतल्या बाया पहाटेच टोपली घेऊन रानाकडे निघत. वारुळांवर रात्रीतून पांढऱ्या छत्र्या फुटलेल्या असत. आम्ही त्यांना सात्या म्हणतो. काही गावांत टेकोडे म्हणतात, कोकणात अळंबी म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात भूछत्र. ज्यांच्याकडे बांधावरचीसुद्धा जमीन नव्हती, त्यांना रोवणीच्या आधीच्या उपाशी दिवसांत रानाने दिलेले हे कालवण होते. मी पुढे वनस्पतिशास्त्र शिकलो आणि शिकवलेही. पण सात्या ओळखायला मला आजीने शिकवले.

हा लेख मी केवळ आठवण म्हणून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी माझी मावशी मुलाकडे शहरात राहायला गेली. घराजवळच्या मोकळ्या प्लॉटवर, पावसाने वाढलेल्या गवतात, ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवलेल्या तिला दिसल्या. जन्मभर तिने सात्या वेचल्या होत्या आणि कधी चूक झाली नव्हती. तिने त्या आणल्या, धुतल्या, शिजवताना भांड्यात चांदीचे जोडवे टाकून पाहिले. जोडवे काळे पडले नाही. घरातले पाच जण जेवले आणि दोन तासांत पाचही जण ओकू लागले. धाकट्या नातवाला दोन रात्री सलाईन लावावे लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उपचार केले, पण "तुम्ही लोक काहीही खाता" हेही ऐकवले. मावशी त्यावर काही बोलली नाही. पुढे कितीतरी पावसाळे तिने गावाकडच्या सात्यांनाही हात लावला नाही.

त्या वाक्यातले 'तुम्ही लोक' फार जुने आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांदा यांच्या जोडीने कवक, म्हणजे भूछत्र, द्विजांना अभक्ष्य ठरवले आहे. त्याच अध्यायात पुढे, जाणूनबुजून ते खाणारा द्विज पतित होतो असे सांगितले आहे. विषाचा विचार तिथे नाही. अपवित्र जागी उगवणाऱ्या वस्तूंच्या पंक्तीत ते बसवले आहे, एवढेच. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला, पण अन्नावरून माणसाची पायरी ठरवण्याची सवय जळाली नाही. आज त्याच सात्या शेकडो रुपये किलोने विकल्या जातात आणि खाणारा रसिक ठरतो. वेचणारी बाई मात्र अजून 'काहीही खाणारी' आहे.

या अपमानाला उत्तर म्हणून आपले सर्व जुने ज्ञान जसेच्या तसे डोक्यावर घ्यावे, असे मात्र मला वाटत नाही. मावशीचे ज्ञान खोटे नव्हते. ते एका जागेचे होते आणि जागा बदलली होती. शिवाय त्यात एक खोटी कसोटी मिसळलेली होती. हे दोन्ही समजून घेतले पाहिजे.

आधी सात्या म्हणजे काय ते पाहू. वारुळातली वाळवी शेती करते. चघळलेल्या पालापाचोळ्याचे ती पोळ्यासारखे मऊ गादे तयार करते आणि त्यावर एक बुरशी वाढवते. वाळवीला न पचणारे लाकूड ही बुरशी कुजवून पचण्याजोगे करते आणि वाळवी ते खाते. पाऊस पडून जमीन भिजली की हीच बुरशी माती फोडून वर छत्री काढते. तिला शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात. म्हणूनच खऱ्या सात्याच्या देठाला खाली लांब मुळासारखा भाग असतो. तो थेट वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो. छत्रीच्या मध्यभागी टणक टोक असते. माती फोडायला ते उपयोगी पडते. आजी म्हणायची, "पोरा, मूळ पाहून घे. मूळ नाही तं ते आपलं नाही." तिला बुरशीचे शास्त्र माहीत नव्हते, पण तिने धरलेली खूण शास्त्रात बसणारी होती.

मावशीने आणलेली छत्री वेगळी होती. पुढच्या आठवड्यात मी त्याच प्लॉटवरून एक आणली, देठ कापला आणि टोपी पात्या खाली करून कागदावर ठेवली. अर्धा कागद पांढरा, अर्धा काळा घ्यावा, म्हणजे कोणताही रंग दिसतो. वर वाटी झाकून रात्रभर ठेवले. सकाळी कागदावर बीजाणूंचा हिरवट ठसा उमटला होता. हे क्लोरोफायलम. ते गवताळ मैदानात, बागेत, शेणखताच्या जागी येते. टोपी पांढरी, तिच्यावर तपकिरी खवले, देठावर कडे. पात्या आधी पांढऱ्या असतात आणि मग हिरवट करड्या होतात. कोवळेपणी ते अगदी निरुपद्रवी दिसते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या ओकाऱ्या आणि हगवण सुरू होते.

पण ठशाने फक्त नाकारता येते, स्वीकारता येत नाही. सात्याचा ठसा फिकट गुलाबीसर येतो. मात्र गुलाबी ठशाच्या विषारी जातीही आहेत. म्हणून एक खूण जुळली की झाले, असे कधीच मानू नये. जागा, मूळ, टोक, पात्या, ठसा, सगळे जुळले पाहिजे.

सर्वांत घातक जात अमानिटा. तिच्या पुष्कळ प्रकारांत देठावर कडे, बुडाशी पिशवीसारखी वाटी आणि पांढऱ्या पात्या असतात. साल, ओक, देवदार अशा झाडांच्या मुळांशी तिचे नाते असते. बुडाची वाटी बहुधा मातीत दडलेली असते. देठ वरून मोडून घेणाऱ्याला ती दिसतच नाही. म्हणून नव्या जागेची पहिली छत्री बोटांनी माती उकरून बुडासकट काढून पाहावी. अमानिटाच्या काही प्रकारांतले विष शिजवून, उकळून, वाळवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग ओकाऱ्या होतात, त्या थांबतात, माणूस सुधारला असे वाटते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होऊ लागते. 2022 च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली विषारी अळंबी खाऊन 13 जण दगावले. त्यांत बहुतेक चहामळ्यांतली माणसे होती. या मळ्यांवरच्या मजुरांचे पूर्वज इंग्रजी अमदानीत छोटा नागपूर आणि आसपासच्या मुलखातून तिकडे नेले गेले होते. ज्याला पोटासाठी आपले रान सोडावे लागते, त्याच्या डोळ्याला नव्या रानाची ओळख नसते. आपल्यातले लाखो लोक असेच मुलूख सोडून गेले आहेत, हे विसरता कामा नये.

आता खोट्या कसोट्या. चांदी काळी पडते, लसूण किंवा भात काळा पडतो, किडे लागलेली छत्री चांगली असते, बकरीने खाल्ली म्हणजे माणसाला चालते, टोपीची साल निघाली तर बिनविषारी, चिंच किंवा मीठ घालून उकळली की विष उतरते. यांतली एकही कसोटी खरी नाही. या समजुती आपल्यातही आहेत आणि जगभर आहेत. त्या आजीने सांगितल्या म्हणून खऱ्या होत नाहीत. मोबाइलवरच्या चित्राशी छत्री ताडून पाहणे ही त्यांच्यातच पडलेली नवी भर आहे.

वेचताना माझा नियम असा: त्याच रानात अनेक पावसाळे वेचलेल्या माणसाने हातात घेऊन दाखवलेली एकच जात घ्यायची. शंका आली तर टाकून द्यायची. सडलेली, किडलेली, फार उमललेली घ्यायची नाही. फवारणी झालेल्या शेताजवळची, हमरस्त्याच्या कडेची, कारखान्याच्या सांडपाण्याजवळची घ्यायची नाही, कारण छत्री मातीतले जड धातू शोषून घेते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजून लवकर नासते, म्हणून टोपली बरी. आणि वारूळ खणायचे नाही. घरटे मोडले तर पुढच्या वर्षी तिथे काही उगवणार नाही.

त्याच दिवशी शिजवावे. मुळाची माती चाकूने खरवडून, दोन-तीन पाण्यांतून झटपट धुऊन, हाताने उभे फाडावे. आमच्याकडे जवसाच्या तेलात कांदा, लसूण, मिरची परतून, हळद-मीठ टाकून, सात्यांचे स्वतःचे पाणी आटेपर्यंत चांगले अर्धा तास शिजवतात आणि भाताबरोबर खातात. कच्चे कधी खाऊ नये. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन घासच घ्यावेत, लहान मुलांना देऊ नये. सोबत दारू नको. काही शाईछत्री दारूबरोबर अंगाला बाधते. एक छत्री न शिजवता कागदात गुंडाळून वेगळी ठेवावी.

ती कशासाठी? कुणाला त्रास झालाच, तर तीच दवाखान्यात न्यायची. किती वाजता खाल्ले आणि किती वाजता त्रास सुरू झाला, हे डॉक्टरांना सांगायचे. घरी मिठाचे पाणी पाजून ओकाऱ्या काढत बसायचे नाही. ओकाऱ्या थांबल्या म्हणून घरी थांबायचे नाही. ज्यांना अजून काही झालेले नाही, पण ज्यांनी तेच खाल्ले आहे, त्यांनाही न्यायचे. उशिरा सुरू होणारा त्रास अधिक घातक असतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. आणि दवाखान्यात कुणी टोचून बोलले तरी खाल्लेले लपवायचे नाही. लाजेने लपवलेल्या गोष्टीवर उपचार होत नाही.

गेल्या आषाढात मी गावाहून मुळासकट काढलेल्या सात्या मावशीसमोर ठेवल्या. तिने एक उचलली, मूळ बोटाने चाचपले, टोक पाहिले, पात्यांचा वास घेतला आणि म्हणाली, "हे आपलं हाये." मी म्हटले, "मावशी, जोडवं टाकून पाहायचं?" ती हसली. मग तिने नातवाला जवळ बसवून मूळ दाखवले.

आपल्या वस्त्यांत अशा कितीतरी म्हाताऱ्या आहेत. त्यांच्याबरोबर एकदा तरी रानात जा. त्या काय पाहतात, कोणत्या झाडाखालचे घेतात, कोणते टाकतात आणि का, ते गावाच्या नावासकट लिहून ठेवा. जे तपासल्यावर टिकेल ते ठेवा. जे टिकणार नाही ते टाकून द्यायला संकोच करू नका.