कुत्र्याचा कान आणि घरचें तेल

कान ठणकला कीं कोमट तेलाचे दोन थेंब सोडावे, ही आपल्याकडील जुनी रीत. आमच्या मोत्याच्या कानांत काळसर मळ दिसला तेव्हां आम्हीं तेंच केलें; वर काडीला कापूस गुंडाळून कान कोरला. आठ दिवसांत कान लाल झाला, दुर्गंधि सुटली, मोत्या मान झाडून हैराण झाला.

पशुवैद्यांनीं आमची चूक दाखविली. कुत्र्याची कर्णनलिका प्रथम खालीं उतरते व मग आंत वळते. काडीनें मळ त्या वळणापलीकडे ढकलला जातो. तेलानें तो कोंडतो.

वाचकांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. पशुवैद्यानें दिलेला कान धुण्याचा द्रव आंत सोडावा, कानाचें मूळ अर्धा मिनिट हलकेंच चोळावें, कुत्र्यास मान झाडूं द्यावी, आणि वर आलेला मळ कापसानें, बोट सहज पोहोंचेल तेथवरच, टिपावा. निरोगी कान उगाच धुऊं नये. दुर्गंधि, लाली वा वेदना असतां मात्र प्रथम पशुवैद्यास दाखवावें. पडदा फाटला असल्यास साधा द्रवही अपाय करितो.

मोत्या आतां बरा आहे. तेलाची वाटी पाहिली कीं अजूनही पलंगाखालीं दडतो.