दहा लाखांचा आकडा

हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणे योग्य होते का, हा वाद निघाला की थोड्याच वेळात एक आकडा पुढे येतो. बॉम्ब टाकला नसता तर जपानवर चढाई करावी लागली असती आणि तीत दहा लाख अमेरिकी सैनिक मारले गेले असते. हा आकडा लोकांच्या तोंडी रुळला तो फेब्रुवारी 1947 मध्ये ‘हार्पर्स मॅगझिन’ने छापलेल्या एका लेखामुळे. लेखक होते हेन्री स्टिमसन, अमेरिकेचे युद्धकाळातले युद्धमंत्री. त्यांनी लिहिले होते ते मृत आणि जखमी यांच्या एकत्रित संख्येबद्दल. पुढे सांगणाऱ्यांनी जखमींनाही मृतांत जमा केले.

हा लेख स्टिमसन यांना आपणहून सुचलेला नव्हता. ऑगस्ट 1946 च्या अखेरीस ‘न्यूयॉर्कर’ने आपला अख्खा अंक जॉन हर्सी यांच्या हिरोशिमावरील वृत्तान्ताला दिला. त्यात बॉम्बमधून वाचलेल्या सहा माणसांची हकिगत होती. अमेरिकी वाचक हादरला. तेव्हा हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी स्टिमसन यांच्यामागे लकडा लावला, की सरकारची बाजू कोणीतरी अधिकारवाणीने मांडायला हवी. हे तेच कॉनंट, ज्यांनी 31 मे 1945 रोजी बॉम्बविषयीच्या बैठकीत लक्ष्य कसे असावे ते सुचवले होते: पुष्कळ कामगार असलेला युद्धोपयोगी कारखाना आणि त्याला खेटून कामगारांची घरे. प्रत्यक्षात हिरोशिमावर नेम धरला गेला तो शहराच्या मधोमध असलेल्या आइओई पुलावर. कडेचे मोठे कारखाने बऱ्याच अंशी वाचले. 1945 च्या अखेरपर्यंत त्या शहरात सुमारे 1 लाख 40 हजार माणसे मेली असावीत.

आकड्याकडे परत येऊ. 18 जून 1945 रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यापुढे चढाईची योजना मांडली गेली. 1 नोव्हेंबरला क्यूशू बेटावर उतरायचे आणि मार्च 1946 मध्ये तोक्योच्या मैदानात. पहिल्या महिन्याची हानी फिलिपीन्समधील लुझॉनच्या लढाईपेक्षा जास्त नसेल, असा लष्करप्रमुख जनरल मार्शल यांचा अंदाज होता. म्हणजे मृत, जखमी, बेपत्ता धरून सुमारे 31 हजार. दहा लाखांचा त्या बैठकीत पत्ता नव्हता. मात्र हा मुद्दा काढून विजयी मुद्रेने बसणाऱ्यांनी पुढचेही वाचावे. जुलैभर जपानी संदेश उकलले जात होते आणि क्यूशूवर फौजा ओतल्या जात आहेत हे दिसत होते. ओकिनावाचा अनुभव ताजा होता. त्या एका बेटासाठी 12 हजारांवर अमेरिकी आणि सुमारे एक लाख जपानी सैनिक गेले होते, शिवाय जवळजवळ तितकेच नागरिक. चढाई स्वस्तात झाली असती असे कोणीच छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

माझ्या मते बॉम्बच्या बाजूचा खरा भक्कम युक्तिवाद अमेरिकी सैनिकांच्या हिशेबात नाहीच. तो आशियात आहे. 1945 च्या उन्हाळ्यात चीनपासून जावापर्यंतचा मोठा प्रदेश जपानी टाचेखाली होता. व्हिएतनामच्या उत्तरेत लाखो माणसे उपासमारीने मेली होती. युद्ध एकेक महिना लांबले की तिथे हजारोंनी माणसे मरणार होती, आणि ती कोणत्याच लष्करी बैठकीच्या कागदावर नव्हती. आपल्या माणसांचाही यात संबंध होता. मलायावर उतरण्यासाठी ‘ऑपरेशन झिपर’ची जमवाजमव भारतात चालली होती, त्यात भारतीय डिव्हिजन होत्या. त्या 9 सप्टेंबरला मोरिबच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा जपान शरण आला होता. समोर बंदुका नव्हत्या, तरीही गाड्या पाण्यात आणि चिखलात रुतून बसल्या. समोरून गोळीबार झाला असता तर काय झाले असते, हे सांगायला युद्धशास्त्री लागत नाही.

दुसरी बाजूही कच्ची नाही. अमेरिकी हवाई हल्ल्यांच्या परिणामांची पाहणी करणाऱ्या सरकारी मंडळानेच 1946 मध्ये निष्कर्ष काढला, की बॉम्ब नसता, रशिया युद्धात उतरला नसता आणि चढाई झाली नसती, तरी जपान 1945 संपण्याआधी शरण आला असता. जपानला शरण यायला सांगणाऱ्या पॉट्सडॅम जाहीरनाम्याच्या मसुद्यात सम्राटाचे घराणे राखण्याची हमी होती. ती गाळली गेली, आणि शेवटी सम्राटाला गादीवर राहू द्यावेच लागले. त्सुयोशी हासेगावा यांच्यासारखे इतिहासकार म्हणतात, की तोक्योचे धाबे दणाणले ते मुख्यतः सोव्हिएत रणगाडे मांचुरियात घुसल्यामुळे. सम्राटाचे 15 ऑगस्टचे भाषण जनतेसाठी होते, त्यात शत्रूच्या नव्या, क्रूर बॉम्बचा उल्लेख आहे. दोन दिवसांनी त्यानेच सैन्याला उद्देशून काढलेल्या फर्मानात बॉम्बचे नाव नाही, सोव्हिएत युनियनचे आहे. मला यावरून एवढेच दिसते, की ज्याला जे पटेल ते कारण त्याला दिले गेले.

पण हा सगळा वाद हिरोशिमापाशी घुटमळतो. नागासाकी त्यात नुसते जोडून येते, जणू एका निर्णयाचाच तो दुसरा भाग. 25 जुलैचा लेखी आदेश पाहिला तर ते खरेही आहे. 3 ऑगस्टच्या सुमारास, हवामान पाहून पहिला बॉम्ब टाकावा आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे टाकावेत, असे त्यात होते. हा आदेश पॉट्सडॅम जाहीरनाम्याच्या आदल्या दिवशीचा. दुसरा बॉम्ब 11 ऑगस्टला पडायचा होता. पुढे हवामान बिघडेल असा अंदाज आल्याने तारीख दोन दिवस अलीकडे ओढली गेली, तीही वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर तिनिआन बेटावरच्या तळावर. कोकुरा शहर धुरकट वातावरणाने झाकले गेले, म्हणून विमान नागासाकीकडे वळले.

त्याच सकाळी, 9 ऑगस्टला, तोक्योत जपानची सहा जणांची सर्वोच्च युद्धपरिषद बसली होती. रशियाने हल्ला केल्याची बातमी पहाटेच आली होती. तिघे सम्राटाच्या स्थानाची एकच अट घालून शरण जायला तयार होते, तिघांना आणखी तीन अटी हव्या होत्या. बैठक चालू असताना नागासाकीची बातमी आली. मते तीन विरुद्ध तीनच राहिली. कोंडी फोडली ती त्या रात्री सम्राटाने. सम्राटाच्या मनात कशाचे वजन किती होते, यावर इतिहासकार भांडत राहतील. त्या सहा जणांपैकी मात्र नागासाकीने एकालाही हलवले नाही, आणि हिरोशिमासाठी दिलेला कोणताही युक्तिवाद मला तिथवर पोचताना दिसत नाही. तीन दिवसांत कोलमडलेल्या दळणवळणातून हिरोशिमाचे पुरते अहवालही अजून तोक्योत पोचायचे होते.

10 ऑगस्टला अणुबॉम्ब बनवणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी मार्शल यांना कळवले, की तिसरा बॉम्ब 17-18 ऑगस्टनंतर टाकता येईल. मार्शल यांनी त्याच कागदावर हाताने शेरा मारला: राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो जपानवर टाकू नये. आणखी एक लाख माणसे, त्यांतली मुले, मारण्याची कल्पना सहन होत नाही, असे ट्रुमन यांनी त्याच दिवशी मंत्रिमंडळाला सांगितल्याची नोंद वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत आहे. अणुबॉम्बसाठी प्रत्येक वेळी वेगळी परवानगी लागेल हा नियम तेव्हा झाला. साध्या बॉम्बचे हल्ले 14 ऑगस्टपर्यंत चालूच राहिले.