अन्वय-व्यतिरेक आणि तापणारे एंजिन

‘गाडी गरम होते’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे; निदानाच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे. त्यात घटना सांगितली जाते, परंतु ती कोणत्या परिस्थितीत घडते याचा निर्देश नसतो. थांबत थांबत चालणाऱ्या वाहतुकीत गरम होणारी गाडी, सपाट रस्त्यावर वेगाने जाताना गरम होणारी गाडी, केवळ घाट चढताना गरम होणारी गाडी आणि सुरू केल्यापासून पाच मिनिटांतच गरम होणारी गाडी, या चारही गाड्यांचे मालक दुरुस्तीच्या दुकानात येऊन एकच वाक्य उच्चारतात. तेवढ्या आधारावर दुरुस्ती सुरू झाली म्हणजे आधी पंखा बदलला जातो, मग रेडिएटर, मग पंप. आणि खर्च होऊनही व्याधी कायम राहते. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार झालेला असेल तर अडचण अधिक वाढते, कारण कारखान्याच्या पुस्तिकेतील वर्णन तिला पुरते लागू पडत नाही. अशा वेळी आधार उरतो तो पद्धतीचा.

ही पद्धत भाषेच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. प्रकृती आणि प्रत्यय यांचे अर्थ वेगळे करण्यासाठी पतंजलीने महाभाष्यात अन्वय-व्यतिरेकाचा आश्रय केला आहे. ‘वृक्षः’ आणि ‘वृक्षौ’ ही रूपे शेजारी ठेवली असता ‘वृक्ष’ हा अंश कायम राहतो व त्याबरोबर झाड हा अर्थही कायम राहतो. प्रत्यय बदलतो आणि एकत्वाच्या जागी द्वित्व येते. आधुनिक भाषाशास्त्रात ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांसारख्या जोड्यांवरून क् आणि ग् यांचा व्यवच्छेदक भेद ठरवतात, तेथेही तत्त्व हेच आहे: बाकी सारे स्थिर ठेवून एकच घटक बदलावा आणि परिणाम पाहावा. तापणाऱ्या एंजिनाचे निदान हे याच तत्त्वाचे उपयोजन होय.

उदाहरणासाठी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेली, १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली फियाट गाडी घेता येईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सी-व्यवसायातून ती निवृत्त झाली. तथापि हौशी मालकांनी जतन केलेल्या अशा गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. या जातीच्या जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्याच्या साहाय्याने एंजिनावरच फिरतो. एंजिन मंद चालले की पंखाही मंदावतो. म्हणजे गाडी उभी असताना, समोरून वारा येत नसताना, नेमकी हवेची निकड असते तेव्हाच तो कमी हवा देतो. हा दोष टाळण्यासाठी काही मालक तो पंखा काढून त्या जागी विजेचा पंखा बसवतात. विचार योग्य असतो. परंतु एक भाग बदलला म्हणजे त्याच्याशी निगडित असलेले भागही वेगळे वागू लागतात, याचे भान पुष्कळदा राहत नाही. पूर्वी पंखा पट्ट्यावर अवलंबून होता. आता तो उष्णतेने चालू होणारा स्विच, रिले, तारा, अर्थिंग आणि बॅटरी या पाचांवर अवलंबून झाला.

पहिला व्यवच्छेदक प्रश्न वेगाचा. ताशी साधारण ५० ते ६० किलोमीटरच्या पुढे समोरून येणारा वारा रेडिएटरला बहुधा पुरेसा असतो. तेथे पंख्याचे काम जवळजवळ संपते. म्हणून उभ्या गाडीत तापमान चढते आणि वेग घेताच उतरते, असे असेल तर संशय हवेच्या ओघावर, म्हणजे मुख्यतः पंख्यावर घ्यावा. याउलट वेगात तापमान चढत असेल तर पंख्याला दोष देणे व्यर्थ होय. तेथे गाळाने चोंदलेला रेडिएटर, झिजलेला पंप, पुरता न उघडणारा थर्मोस्टॅट, पंपाच्या ओढीने आत दबणारा खालचा होज पाइप किंवा चुकलेले इग्निशन टायमिंग यांचा शोध घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न असा की पंखा मुळीच फिरत नाही, की फिरूनही गाडी तापते. फिरत नसेल तर क्रमाने तीन चाचण्या कराव्यात. मोटारीला बॅटरीपासून फ्यूज असलेल्या स्वतंत्र तारांनी वीज द्यावी; ती फिरली तर मोटार निर्दोष ठरते. नंतर रिले काढून त्याच्या बैठकीतील ३० आणि ८७ या क्रमांकांची अग्रे जोडावीत. पंखा फिरला तर वीजपुरवठा व तारा निर्दोष ठरतात. शेवटी रिले परत बसवून उष्णता-स्विचाची दोन टोके जोडावीत. आता पंखा फिरला तर रिलेही निर्दोष ठरतो आणि संशय स्विचावर येतो. तिन्ही चाचण्यांत एका वेळी एकच घटक बदलला आहे, हे लक्षात घ्यावे. स्विच, रिले आणि पंखा एकदमच बदलले तर गाडी कदाचित बरी होईल, परंतु कारण कळणार नाही.

येथे एक फसवे स्थळ आहे. संशय स्विचावर आला म्हणजे स्विच दोषी ठरला असे नव्हे. काही गाड्यांत हा स्विच रेडिएटरच्या खालच्या भागात बसवलेला असतो. थर्मोस्टॅट साधारणतः ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागतो. तो बंद अवस्थेतच अडकला तर एंजिनात पाणी उकळू लागते, पण ते रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. रेडिएटर थंड, म्हणून स्विच स्वस्थ, म्हणून पंखा मुका. त्याचे मौन हा दोष नसून दुसऱ्या दोषाचे ते चिन्ह आहे. एंजिन रखरखीत गरम आणि रेडिएटरचा खालचा भाग गार, हे लक्षण दिसले तर पंख्याला हात न लावता थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या भांड्यात तापमापकासह तपासावा. स्विचाची परीक्षाही याच रीतीने होते.

पंखा फिरत असूनही उभी गाडी तापत असेल तर तो कसा फिरतो हे पाहावे. मोटारीच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर ती उलट फिरते आणि हवा पुढच्या बाजूस फेकते. जाळीसमोर कागद धरला असता तो जाळीला चिकटला पाहिजे. दूर उडाला तर जोडणी चुकली आहे. पंख्याभोवतीचे पत्र्याचे आवरण गाळले असेल तर रेडिएटरच्या वर्तुळाकार भागालाच हवा मिळते व कोपरे वाया जातात. तारेची जाडी हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पाच मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०८५ ओहम असतो. तीतून १० अँपिअरचा प्रवाह गेला म्हणजे ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. पंखा चालू असताना व्होल्टमीटर बॅटरीच्या आणि मोटारीच्या धन अग्रांमध्ये लावला की ही गळती दिसते. ती अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक असेल तर तार जाड घ्यावी व जोड साफ करावेत. अर्थिंगच्या बाजूसही हीच मोजणी करावी.

डायनॅमो असलेल्या जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. एंजिन मंद असताना डायनॅमो जवळजवळ काहीच वीज देत नाही. पंखा केवळ बॅटरीवर चालतो. व्होल्टेज उतरले की पंख्याची गती उतरते आणि गतीबरोबर हवेचा ओघही. त्यामुळे दुपारी निभावून नेणारी गाडी रात्री दिवे लावून वाहतुकीत उभी राहिली असता अधिक तापते, असा चमत्कारिक अनुभव येऊ शकतो. अशा गाडीत विजेचा पंखा बसवायचा तर अल्टरनेटरचाही विचार त्याबरोबरच करावा लागतो.

सुरू होताच काही मिनिटांत होज पाइप दगडासारखे टणक होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, बाहेर गळती नसता पाणी कमी होणे, ही लक्षणे हेडच्या गॅस्केटकडे बोट दाखवतात. मात्र पाणी नुकतेच बदलले असेल तर आत अडकलेली हवाही बुडबुडे देते. म्हणून ती प्रथम काढून टाकावी.

आता दोन रूढ उपायांविषयी. पहिला, थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकणे. दुसरा, पंखा ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे स्विच वगळून तो सतत चालू ठेवणे. दोन्ही गोष्टी चाचणी म्हणून ग्राह्य आहेत, उपचार म्हणून नाहीत. पहिल्याने एंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचते, इंधन अधिक जाते व झीज वाढते. दुसऱ्याने बॅटरीवर अकारण भार पडतो. परंतु मोठी हानी ही की चोंदलेला रेडिएटर वा फुटू लागलेले गॅस्केट काही काळ झाकले जाते. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. लोखंडी ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचे हेड असलेले एंजिन एकदा अति तापले तर हेड वाकण्यास तेवढे पुरते. लक्षण दडपल्याची किंमत मग एखाद्या घाटात, सहकुटुंब प्रवासात, एकरकमी द्यावी लागते.

तपासणी करताना काही पथ्ये पाळावीत. साधे पाणी १०० अंशांना उकळते. परंतु झाकणाचा दाब वातावरणाहून एक बार अधिक असेल तर ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो आणि उकळते पाणी अंगावर उसळते. तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतू नये. विजेचा पंखा किल्ली बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून बॅटरीची तार सोडवल्याखेरीज त्याच्याजवळ हात नेऊ नये.

तेव्हा दुरुस्तीची सुरुवात हत्यारांनी न होता प्रश्नांनी व्हावी: गाडी केव्हा गरम होते, केव्हा होत नाही, आणि त्या दोन प्रसंगांत नेमका कोणता एक घटक निराळा आहे? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले म्हणजे निदानाचे बहुतेक काम झाले असे समजावे.